गेमिंग मॉनिटर घेताना आणि जोडताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने 165 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 165 वेळा चित्र बदलणारा, 27 इंची मॉनिटर घेतला आणि होळीपर्यंत त्याची एकच तक्रार होती, की जुन्या मॉनिटरपेक्षा यात काहीच फरक जाणवत नाही. मी कॅबिनेटच्या मागे टॉर्च मारून पाहिले, तेव्हा केबल खेळाचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डात नसून वरच्या बाजूला, माउस-कीबोर्डच्या पोर्टशेजारी, म्हणजे थेट मदरबोर्डात खोचलेली होती. महागडे कार्ड आत असूनही चित्र प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सच्या वाटेने बाहेर पडत होते. ही चूक फार जणांकडून होते, कारण पडद्यावर चित्र तर दिसतेच, आणि दिसते आहे म्हटल्यावर कोणी मागे डोकावत नाही.

केबल खाली, कार्डाच्या आडव्या पोर्टमध्ये लावल्यावरही काम संपले नव्हते. विंडोज बरेचदा नवा मॉनिटर 60 हर्ट्झवरच चालू ठेवते, त्यामुळे सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, स्वतः निवडावा लागतो. 60 हर्ट्झवर एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद पडद्यावर राहते, तर 165 वर सुमारे 6 मिलिसेकंद. हा फरक नुसता माउसचा बाण गोल फिरवला तरी डोळ्यांना कळतो. यादीत मोठा आकडा दिसतच नसेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा पोर्टचा असतो. सेट टॉप बॉक्सची जुनी एचडीएमआय केबल काढून ती मॉनिटरला लावण्याचा मोह टाळावा. एचडीएमआयच्या 2.0 आवृत्तीवर 1440पी चित्र (ज्यात उभ्या दिशेने 1440 पिक्सेल, म्हणजे ठिपके असतात) 144 हर्ट्झपर्यंत मिळते, पण 1.4 च्या पोर्टवर ते शक्य नाही. संगणकासाठी डिस्प्लेपोर्टची (एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीची) केबल वापरणे सर्वांत निर्धोक. ती अनेकदा खोक्यातच येते आणि पिशवीतून न काढता तशीच माळ्यावर जाते.

आता खरेदीकडे वळू, कारण काही चुका नंतर कोणत्याही सेटिंगने सुधारत नाहीत. मेन रोडवरच्या दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या मॉनिटरांमध्ये 4के पडद्याकडे नजर जाणे स्वाभाविक आहे, परंतु 1080पी चित्रात सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात आणि 4के चित्रात त्याच्या चौपट, सुमारे 83 लाख. हा सगळा भार आपल्या ग्राफिक्स कार्डावर पडतो. मध्यम कार्ड असेल तर 24 इंचांवर 1080पी किंवा 27 इंचांवर 1440पी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 27 इंचांवर 1080पी घेतल्यास इंचाला जेमतेम 82 पिक्सेल उरतात आणि हातभर अंतरावरून अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. भाच्याच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे, आणि त्यावर आता उपाय नाही.

खोक्यावरचा 1 मिलिसेकंदाचा रिस्पॉन्स टाइम, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, पाहून निर्णय घेऊ नये. तो वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला जातो आणि पुष्कळदा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलचा हा बदल जबरदस्तीने वेगवान करणारी सेटिंग, सर्वाधिक ठेवल्यावरच मिळतो. तसे केल्यास हलत्या वस्तूंच्या मागे फिकट, उजळ छाया पडते. अशी छाया दिसू लागली, तर मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह एक पायरी खाली आणावा. मॉनिटरच्या पडद्याचे व्हीए आणि आयपीएस असे प्रकार असतात. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, पण अनेक व्हीए पॅनेलवर अंधाऱ्या दृश्यात हालचाल फासल्यासारखी होते. म्हणून झटपट नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांनी आयपीएस घेणे बरे. एचडीआर 400, म्हणजे अधिक उजळ आणि ठळक चित्राच्या दाव्याचा सर्वांत खालचा दर्जा, या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत.

प्लेस्टेशन 5 जोडायचा असेल, तर हिशोब बदलतो. त्यावर व्हीआरआर, म्हणजे खेळाच्या वेगानुसार पडद्याचा वेग बदलण्याची सोय, केवळ एचडीएमआय 2.1 वरच चालते. मॉनिटरवर फ्रीसिंकचा, म्हणजे अशाच सोयीच्या एएमडीच्या प्रकाराचा, शिक्का असणे तिथे पुरेसे नाही.

जागेचा विचार मात्र कोणीच करत नाही. गंगापूर रोडवरील एका परिचितांच्या घरी पश्चिमेची मोठी खिडकी खुर्चीच्या पाठीमागे होती आणि एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर पडद्यावर खेळाऐवजी समोरच्या इमारतीची गच्चीच दिसे. ते मॉनिटर बदलायला निघाले होते. आम्ही टेबल खिडकीशी काटकोनात वळवले, जाड पडदा लावला, ब्राइटनेस थोडा वाढवला आणि तोच मॉनिटर ते आजही वापरत आहेत.