लाकडाच्या शेगडीच्या दाराची काच कशी बदलावी

शेगडीच्या दाराची काच तडकली की सर्वांत आधी तिच्यात जाळ करणं थांबवा. चिकटपट्टी, एम-सील, बाहेरून लावलेला पत्रा, यातलं काहीही चालत नाही. जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. तोरणमाळ तर सुमारे ११५० मीटर उंचावर आहे, तिथे दारं-खिडक्या लावून शेकत बसावंसं वाटणारच. पण बंद खोलीत त्या भेगेतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला ना रंग, ना वास. एखादी रात्र दुलईवर काढा, पण फुटक्या काचेची शेगडी पेटवू नका.

काच कोणती घ्यायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गल्लीतल्या काचवाल्याकडे गेलात तर तो खिडकीची साधी काच दाखवेल, नाहीतर टफन काच सुचवेल. साधी काच पहिल्याच जाळाला तडकते. टफन काच मजबूत असते खरी, पण साधारण अडीचशे अंशांच्या पुढे तिचा भरवसा नाही आणि फुटली की तिचा एकदम चुरा होतो. शेगडीला सिरॅमिक काच लागते. जर्मनीच्या शॉट कंपनीची ‘रोबॅक्स’ आणि जपानच्या निप्पॉन इलेक्ट्रिक ग्लासची ‘निओसेरॅम’ ही तिची दोन प्रसिद्ध नावं. जाडी बहुतेक वेळा ४ किंवा ५ मिमी असते. जुन्या तुकड्याची जाडी मोजा आणि तेवढ्याच जाडीची मागवा.

ही काच ७०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसते, कारण तापल्यावर ती जवळजवळ फुगतच नाही. या जातीच्या काचेचा शोध १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत लागला. डोनाल्ड स्टूकी काचेचा एक नमुना ६०० अंशांवर तापवत होते, भट्टी बिघडून ९०० पर्यंत गेली आणि वितळण्याऐवजी तो नमुना आणखी टणक होऊन बाहेर आला. आज घरोघरी दिसणाऱ्या इन्फ्रारेड शेगडीचा काळा गुळगुळीत पृष्ठभाग याच कुळातला. ओळखायची एक सोपी खूण आहे: पारदर्शक सिरॅमिक काच कडेने पाहिली तर किंचित पिवळसर-तपकिरी दिसते, साध्या काचेची कड हिरवट असते.

माप

जाड हातमोजे घाला. दार बिजागरीतून उचलून काढा आणि जुन्या गोधडीवर पालथं ठेवा. काचेचे तुकडे कागदावर जुळवून मूळ आकार मिळतो. तुकडे हरवले असतील तर चौकटीच्या आतलं माप घ्या आणि काच चारही बाजूंनी २ ते ३ मिमी कमी ठेवा. कमानीसारखा आकार असेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून दारात बसवून बघा आणि तोच पाठवा.

ही मोकळीक का सोडायची हे नीट लक्षात घ्या. तीनशे मिलिमीटरची लोखंडी चौकट तीनशे अंशांनी तापली की साधारण एक मिलिमीटर वाढते, काच मात्र आहे तेवढीच राहते. गार होताना चौकट परत आखडते. काच तिच्यात घट्ट बसवलेली असेल तर हा ताण थेट काचेवर येतो. दारातल्या चांगल्या काचा जाळाने क्वचित फुटतात. त्या फुटतात आवळल्यामुळे किंवा लाकूड आदळल्यामुळे.

जुने स्क्रू आणि दोरी

काच धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचे स्क्रू बहुधा गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी स्क्रू आधी थोडा आवळा, मग सोडा, असं आळीपाळीने हलवा. एकदम जोर केलात तर डोकं तुटतं. तुटलंच तर लेथवाल्याकडून भोक पाडून नवे आटे घालून घ्या, हे काम त्याच्या रोजच्या हाताखालचं आहे.

काचेभोवतीची मऊ पट्टी आणि दाराची दोरी (दार घट्ट लागावं म्हणून त्याच्या कडेने बसवलेली) जुन्या शेगडीत ॲस्बेस्टॉसची असू शकते. तिची धूळ फुप्फुसाला फार घातक. शंका असेल तर ती कोरडी खरवडू नका. पाणी मारून ओली करा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि निघालेली पट्टी पिशवीत बांधून वेगळी ठेवा. लेकरांना या वेळी जवळ येऊ देऊ नका. नवी घेताना ग्लास फायबरचीच मागा. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत बॉयलरचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा आणि ‘बिगर ॲस्बेस्टॉस’ हे स्पष्ट बोलून घ्या.

नवी काच बसवणं

काच बसते ती दारातली खाच तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. जुन्या गोंदाचा एक खडा जरी राहिला तरी काच तिथे टेकते आणि पुढे तिथूनच तडकते. नवी पट्टी काचेच्या कडेला इंग्रजी ‘यू’सारखी दुमडून चिकटवा, कोपऱ्यात कातरून घ्या, ताणू नका. जुनी पट्टी तीनच बाजूंना होती का, हे मात्र आधी पाहून ठेवा. काही शेगड्यांत एका बाजूला हवेसाठी मुद्दाम फट ठेवलेली असते. ती हवा काचेवरून वाहते आणि काच काळी पडू देत नाही.

काच मधोमध ठेवा, लोखंडी पट्ट्या लावा, स्क्रूंना तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस लावा. सगळे स्क्रू आधी बोटांनी फिरवून टेकवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले जोडीने, फार तर पाव फेरा आवळा. बोटाने दाबल्यावर काच पट्टीवर जराशी दबली पाहिजे, पण खडखडायला नको. इथे पिळून आवळायची सवय बाजूला ठेवा.

दार लावून बघा. चौकटीत कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर त्या ठिकाणी दाराची दोरी दबलेली आहे, तीही बदला.

पहिला जाळ

पहिल्या दिवशी चार बारीक काटक्यांचा तासभर जाळ पुरे. गोंदाचा वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा. दुसऱ्या दिवशी शेगडी गार असताना स्क्रू तपासा. सैल झाले असतील तर जेमतेम टेकवा.

पुढे बाभूळ किंवा कडुनिंबाचं चांगलं वाळलेलं लाकूड घाला. ओल्या लाकडाने काच काजळते. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, भरिताची वांगी भाजायलाच ठेवा. बंद शेगडीत त्यांचा भडका एकदम उठतो आणि दार नको इतकं तापतं. लाकूड काचेपासून चार बोटं आत राहील एवढंच कापा, दाराने ढकलून आत बसवू नका. काच पुसायची ती गार असतानाच: वर्तमानपत्राचा ओला बोळा चाळलेल्या पांढऱ्या राखेत बुडवून हलक्या हाताने घासा. राखेत वाळूचा कण असला तर काचेवर ओरखडा येतो, म्हणून चुलीच्या तळची राख घेऊ नका.