मॅटप्लॉटलिबच्या अक्षावर ४२.३ जर ४५.१ च्या वर दिसलं तर

मागच्या नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर, दाराआडच्या सावलीत थर्मामीटर टांगून मी रोज दुपारी तीनला नोंद घेतली. नववीच्या मुलांसाठी मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढणारी लायब्ररी) आलेख काढला, तर रेघ वर वर चढत गेलेली! वहीत मात्र पाचव्या दिवशी, पावसाची सर येऊन गेल्यावर, पारा ४२.३ वर उतरलेला होता. मग अक्ष नीट वाचला. खालून वर ४३.८, ४४.६, ४५.१, मग नुसतं '-', आणि त्याच्याही वर ४२.३. सगळे सारख्या अंतरावर.

घोळ त्या '-' चा. चौथ्या दिवशी मी घरी नव्हते, म्हणून फाइलमध्ये तसं लिहिलं होतं. रिकामी जागा दिसली की पांडाज (फाइलमधले तक्ते वाचणारी पायथनची लायब्ररी) 'नोंद नाही' असं समजतं. '-' त्याला मजकूर वाटतो आणि त्या एकापायी अख्खा स्तंभ मजकूर होतो. मॅटप्लॉटलिबला मजकूर दिला की ते आकड्यांकडे संत्री, मोसंबी, केळी यांसारखी नावं म्हणून बघतं. नावांत लहानमोठं काही नसतं. जे आधी आलं ते खाली. म्हणूनच माझी रेघ उतरली ती फक्त जुना आकडा पुन्हा आला तिथे. एररही येत नाही, हे जास्त वाईट.

म्हणून आलेखाआधी 'डीएफ.डीटाइप्स' बघायचंच; डीएफ म्हणजे वाचलेला तक्ता, आणि डीटाइप्स त्यातल्या प्रत्येक स्तंभाचा प्रकार सांगतं. तापमानासमोर फ्लोट६४ (दशांश आकडा) हवं. ऑब्जेक्ट किंवा एसटीआर (म्हणजे मजकूर) दिसलं तर थांबा. '-' म्हणजे 'नोंद नाही' हे फाइल वाचतानाच सांगून टाका (टाइप इंग्रजी अक्षरांत करायचं):

पीडी.रीड_सीएसव्ही('तापमान.सीएसव्ही', एनए_व्हॅल्यूज='-')

मजकुराचे आकडे करणाऱ्या 'पीडी.टू_न्यूमेरिक' ला एरर्स='कोअर्स' (जे आकडा होत नाही ते रिकामं करा) देऊनही काम होतं, पण ते '४५.१ अंश' असं लिहिलेली खरी नोंदही गुपचूप पुसतं. वापरलंत तर आधी-नंतरच्या रिकाम्या जागा मोजा.

गाळलेल्या दिवशी ० मात्र टाकू नका. अक्ष शून्यापर्यंत खाली जातो आणि ४२ ते ४५ मधला सगळा चढउतार वर चेपून बसतो. रेघ तिथे तुटू द्या. मुलांनी विचारलं तर सांगता येतं की त्या दिवशी कुणी मोजलं नाही.

दोन वर्षांच्या रेघा एकत्र काढणार असाल तर उभ्या अक्षाची मर्यादा ठरवणारं 'सेट_वायलिम' शेवटी लिहा. ते लिहिलं की अक्ष आपोआप ताणला जात नाही, आणि नंतर काढलेली जास्त तापलेल्या वर्षाची रेघ चौकटीबाहेर राहते.