परड्यातल्या कोई माशांच्या तळ्यासाठी घरच्या घरी फिल्टर: कोकणच्या पावसात टिकेल असा

तळ्याचं पाणी अगदी नितळ, तळाचा खडा न् खडा दिसतोय, आणि तरीही मासे एकेक करून मरतायत, असं होऊ शकतं. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे माशांना बरंच कमी त्रासदायक असतं. गाळ अडवणं हे फिल्टरचं अर्धंच काम आहे. या जिवाणूंना राहायला जागा, ऑक्सिजन आणि योग्य पाणी देणं हे त्याचं खरं काम.

आधी माप

तळ्याची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि येणाऱ्या आकड्याला २८.३ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतील. १० बाय ६ फुटांचं, ४ फूट खोल तळं म्हणजे साधारण ६,८०० लिटर. पुढची सगळी मापं याच तळ्याची धरली आहेत. खोली चार फुटांपेक्षा कमी ठेवू नका. कोई जपानच्या नीगाता भागात जोपासले गेलेले, थंड पाणी मानवणारे मासे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. आपल्याकडच्या मे महिन्यात उथळ तळं त्यांना सोसत नाही.

सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, म्हणजे ताशी ३,४०० लिटर. पंप मात्र ताशी ५,००० लिटरचा घ्या, कारण खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवतानाचा असतो.

मांडणी

पंप तळ्यात बुडवून पाणी फिल्टरमध्ये ढकलणं सोपं, पण मी ते सुचवणार नाही. पंपाच्या पात्यांत विष्ठेचा भुगा होतो आणि तो कुठेच बसत नाही. त्यापेक्षा तळाच्या मध्यभागातून चार इंची पीव्हीसी पाइप काढा, तो शेजारच्या खड्ड्यातल्या टाकीत आणा, तिथून पाणी दोन पिंपांतून जाऊ द्या आणि पंप सगळ्यात शेवटी ठेवा, तो पाणी परत तळ्यात सोडेल. टाकी आणि पिंपांच्या कडा तळ्याच्या पाण्यापेक्षा चार-सहा इंच वर राहतील अशा लेव्हल पाइपने बघून बसवा, म्हणजे पाणी आपल्या आपण समपातळीत राहील. तळ्याकडून येणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह हवाच. तो बंद न करता टाकीचा खालचा नळ उघडलात तर अख्खं तळं रिकामं होईल.

जांभ्यात खड्डा खणणं सोपं, पण पावसाळ्यात त्याच खड्ड्यात जमिनीतलं पाणी भरतं आणि रिकामं पिंप तरंगून वर येतं. चार इंची पाइप मोडायला तेवढं पुरतं. खड्ड्याच्या तळातून उताराकडे पाणी जायला वाट ठेवा आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन्ही पिंपं एकदम रिकामी करू नका.

टाकी आणि दोन पिंपं

पहिली ५०० लिटरची पाण्याची टाकी. इथे काटकसर नको, कारण पाणी जितकं सावकाश जाईल तितका गाळ जास्त बसेल. आत येणाऱ्या पाइपला एल्बो लावून त्याचं तोंड टाकीच्या भिंतीकडे वळवा. पाणी गोल फिरतं आणि घाण मध्यभागी तळाशी जमते. पुढे जाणारा पाइप वरच्या बाजूने काढा, तळाला दोन इंची बॉल व्हॉल्व्ह बसवा.

दुसरं २०० लिटरचं निळं पिंप. भंगारवाल्याकडून घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. ॲसिड किंवा कीटकनाशकाचं पिंप फुकट मिळालं तरी नको. यात बारीक गाळ अडवायला फिल्टरचे ब्रश उभे टांगा.

तिसरं पिंप जिवाणूंचं. त्यासाठी महागडे प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात, पण बंदराजवळ राहणाऱ्यांच्या हाताशी मासेमारीची जुनी नायलॉन जाळी असतात. बारीक आसाचं जाळं घ्या, डिझेलचा वास येत असेल तर सोडून द्या. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत, मीठ पूर्ण काढा. दाबून न कोंबता सैल गुंडाळ्या करून पिंपात भरा, मध्ये भोकं पाडलेली बादली ठेवा आणि पंप त्या बादलीत. एअर स्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, पिंपाच्या कडेला, पंपापासून लांब. काथ्या वापरायचा मोह होतो, पण तो पाणी तांबूस करतो आणि कुजतो. जांभ्याची खडीही झिजून गढूळपणा आणते.

पाऊस

हा भाग नीट वाचा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळात मऊ असतं, त्यात क्षार कमी. पावसाच्या पाण्यात तर जवळजवळ नसतातच. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच टिकवून धरणारे क्षार, खातात. ती संपली की पीएच धाडकन घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात.

माझ्या तळ्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात हेच झालं. तीन दिवस झड लागली होती आणि पडवीच्या पागोळ्या थेट तळ्यात पडत होत्या. पाणी काचेसारखं, पण मासे पर मिटून तळाशी बसलेले, खाण्याकडे बघतही नव्हते. पीएच मोजला तर सहाच्या खाली, केएच (क्षारतेचं माप) शून्याजवळ. दोन मासे गेले. पागोळ्यांना पन्हळ लावायला मला अर्धा दिवस पुरला असता.

तेव्हापासून तिसऱ्या पिंपात कांद्याच्या जाळीदार पिशवीत तीनेक किलो शिंपल्या असतात. घरात खाल्लेल्या तिसऱ्यांच्या, कालवांच्याच. उकळून, घासून, उन्हात वाळवून घ्यायच्या. पाणी आम्लाकडे झुकलं की त्या थोड्या थोड्या विरघळतात. सलग पावसात त्या पुऱ्या पडत नाहीत. तेव्हा खायचा सोडा बादलीत विरघळवून घाला: दर १,००० लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे आपल्या तळ्याला सुमारे २०० ग्रॅम, दिवसातून एकदाच. घाई नको. पाण्यात अमोनिया साचलेला असताना पीएच झपाट्याने वर गेला तर तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

तळ्याला ओव्हरफ्लो पाइप ठेवा आणि त्याच्या तोंडाला जाळी बांधा. कोई वाहून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जाता कामा नये, तिथल्या स्थानिक माशांना तो त्रास ठरतो.

वीज

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. पंप बंद पडला तर मासे काही काळ तग धरतात, पण हवा मिळाली नाही तर पिंपातले जिवाणू काही तासांतच मरू लागतात. छोटा एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, एक स्टोन पिंपात, एक तळ्यात. वीज बराच वेळ नसेल तर ती आल्यावर लगेच पंप सुरू करू नका. आधी तिसऱ्या पिंपातलं कुजकं पाणी बाहेर सोडा, जाळी बादलीत काढलेल्या तळ्याच्या पाण्यात खळबळून घ्या, मग बटण दाबा.

सुरुवात आणि देखभाल

जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोनच लहान मासे, चिमूटभर खाणं, आणि दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइटची तपासणी. नायट्राइट दिसला तर १,००० लिटरला एक किलो जाडं मीठ घाला, माशाच्या अंगात तो शिरायला अटकाव होतो. दोन्ही आकडे शून्यावर टिकले की बाकीचे मासे आणा, पण या तळ्यात एकूण सहा-सातच.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली असेल तर ते पाणी थेट भरू नका, क्लोरीन जिवाणूंना मारतं. दोन दिवस उघड्या टाकीत, एअर स्टोन लावून ठेवा. जाळी नळाच्या पाण्याने धुणं याच कारणासाठी टाळा.

आठवड्यातून एकदा तळ्याकडचा व्हॉल्व्ह बंद करून पहिल्या टाकीचा गाळ सोडा. तो पाइप माडाच्या आळ्यापर्यंत नेऊन ठेवा.