जुन्या पद्मिनी, अँबॅसिडरचा बंपर घरी कसा रंगवायचा

साताऱ्यात हे काम जूनच्या आत उरका, पावसाळी दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि चमक जाते ती जातेच.

आधी बंपर सोडवून खाली घ्या, गाडीवर ठेवून रंगवू नका, कारण खरा गंज मागच्या बाजूला असतो जिथं चिखल साचतो. नटबोल्ट जाम असतील तर रात्रभर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, जबरदस्ती केली की बोल्ट तुटलाच.

आता मेन काम घासायचं. गंजावर ८० नंबरचा सँडपेपर, धातू उघडा दिसेपर्यंत, मग सगळीकडे १८०, ३२०. क्रोम, म्हणजे बंपरवरचा चकचकीत मुलामा, चांगलं दिसतंय म्हणून तसंच सोडलं तर गुळगुळीत क्रोमवर रंग धरतच नाही, पापडी निघते, त्यामुळं चमक पूर्ण मरेपर्यंत घासा, आणि क्रोमची धूळ छातीत गेलेली वाईट म्हणून पाणी लावून घासा, मास्क पाहिजेच. जिथं क्रोम सुटलंय ती कड बोटाला लागता कामा नये.

नंतर थिनरनं पुसायचं आणि परत हात लावायचा नाही. इपॉक्सी प्रायमर (धातूला घट्ट धरणारं अस्तर) मारा, साधा प्रायमर इथं टिकत नाही. खड्ड्यात पुट्टी, ४०० नंबरच्या पेपरनं घासून परत प्रायमर.

रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, स्प्रेचा कॅन फूटभर लांब धरून. मागच्या बाजूला पण मारा हं. वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, आणि बसवायची घाई नको, आठवडाभर वाळू द्या.