जुन्या लायब्ऱ्या काढायच्या, पण कुठल्या क्रमाने?

जुनं डेस्कटॉप ॲप्लिकेशन हाती आलं की पुष्कळ जण ते जीटीके (खिडक्या, बटणं काढणारं टूलकिट) २ वरून थेट ४ वर न्यायला बसतात. मी आधी आजूबाजूच्या, ग्नोम डेस्कटॉपच्या जुन्या लायब्ऱ्या सोडवतो: लिबग्नोमयूआय (ग्नोमचे तयार विजेट), लिबग्लेड (फाइल वाचून खिडक्या उभारणारी), ग्नोम-व्हीएफएस (फाइल हाताळणारी), जीकॉन्फ (सेटिंग्ज साठवणारी). यातल्या पहिल्या दोन तर जीटीके २ लाच बांधलेल्या; त्या असेपर्यंत टूलकिट हलतच नाही.

खरी यादी काढा. एलडीडीवर (प्रोग्रामच्या लायब्ऱ्या दाखवणारी कमांड) विसंबू नका. तो लायब्ररीने ओढून आणलेल्या लायब्ऱ्याही दाखवतो आणि यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढते. रीडएल्फमध्ये (बायनरी, म्हणजे तयार प्रोग्राम फाइल, आतून दाखवणारं टूल) 'नीडेड'च्या ओळी वाचा, म्हणजे बायनरीने स्वतः मागितलेलं तेवढंच दिसेल. मग लिंकरला (प्रोग्रामला लायब्ऱ्या जोडणारं टूल) 'ॲज-नीडेड', म्हणजे 'वापरात असेल तेवढंच जोड', हा पर्याय देऊन पुन्हा बिल्ड करा. गळालेल्या नावांचा कोडशी संबंध उरलेला नव्हता. बिल्ड फाइलमधून ती उडवा. काही लिनक्स डिस्ट्रोंवर हा पर्याय मुळातच चालू असतो आणि अशी नावं आधीच गळलेली असतात, म्हणून बिल्ड फाइल शेजारी उघडी असू द्या. पहिला कमिट एवढाच.

पुढे एका ब्रांचमध्ये एकच लायब्ररी. 'जुनं सगळं काढलं' अशा नावाचा भलामोठा पॅच आला तर मी तो न वाचताच परत पाठवतो.

लिबग्लेड सोपी आहे. जीटीके २.१२ पासून तिचं काम जीटीकेमधलाच जीटीके-बिल्डर करतो आणि जीटीके-बिल्डर-कन्व्हर्ट ही स्क्रिप्ट जुनी ग्लेड फाइल त्याच्या रूपात बदलून देते. कॉम्बोबॉक्सचे पर्याय वेगळ्या लिस्ट-स्टोअरमध्ये जातात, ते तेवढे नजरेखालून घाला.

ग्नोम-व्हीएफएसच्या जागी जीआयओ (जीटीकेच्या खालच्या जीलिब लायब्ररीत, आवृत्ती २.१६ पासून, २००८) येतं. इथे फाइंड-रिप्लेसवर भागत नाही. जुनी फंक्शनं एरर कोड परत द्यायची, नवी जी-एरर (चुकीचा तपशील ठेवणारा स्ट्रक्ट) भरतात. तो मोकळा केला नाही तर मेमरी गळते. खरी डोकेदुखी असिंक कॉलची: काम मागे चालू राहतं आणि संपल्यावर कॉलबॅक हे फंक्शन बोलावलं जातं. वापरकर्त्याने खिडकी बंद केली तरी कॉलबॅक नंतर येतोच. त्यामुळे प्रत्येक कॉलला कॅन्सलेबल (काम रद्द करायला वापरायचा ऑब्जेक्ट) द्या, खिडकी मिटताना तो रद्द करा, आणि कॉलबॅकमध्ये 'रद्द झालं' अशी एरर दिसली तर कुठल्याही विजेटला हात न लावता बाहेर पडा.

जीकॉन्फ सगळ्यात शेवटी, कारण तिथे लोकांनी वर्षानुवर्षं बसवलेल्या सेटिंग्ज असतात. तिच्या जागी येणाऱ्या जीसेटिंग्जला (जीलिब २.२६, २०१०) स्कीमा (सेटिंग्जच्या कीची नावं आणि प्रकार सांगणारी फाइल) सापडला नाही तर प्रोग्राम तिथल्या तिथे ॲबॉर्ट होतो. बिल्ड फोल्डरमधून चालवताना स्कीमा कंपाइल करा आणि त्या फोल्डरचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्या. कीच्या नावात अंडरस्कोअर चालत नाही: 'विंडो_विड्थ'चं 'विंडो-विड्थ' करावं लागतं. जुन्या व्हॅल्यू आपोआप येत नाहीत. कोणती जुनी की कोणत्या नव्या कीत जाते, हे 'कन्व्हर्ट' फाइलमध्ये लिहायचं. जीसेटिंग्ज-डेटा-कन्व्हर्ट हा प्रोग्राम ती वाचून व्हॅल्यू आणतो. झालेल्या फाइलची तो नोंद ठेवतो, पुन्हा करत नाही. तेव्हा टेस्टिंग वेगळ्या यूजर खात्यावर करा.

एवढं झालं की 'जीटीके-डिसेबल-डेप्रिकेटेड' आणि 'जीसील-एनेबल' हे दोन मॅक्रो लावून कंपाइल करा. स्ट्रक्चरच्या आतल्या फील्डला कुणी थेट हात घातला असेल तिथे बिल्ड अडेल. तिथे ॲक्सेसर (फील्ड वाचून किंवा बदलून देणारं) फंक्शन वापरा. मग जीटीके ३, आणि त्यावर ॲप्लिकेशन नीट चालल्यावर ४.