लीथमध्ये नव्याने राहायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

स्कॉटलंडमधल्या एडिनबऱ्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी येणारी बरीच मराठी मंडळी भाड्याचा आणि अंतराचा हिशेब करून लीथमध्ये घर शोधतात आणि पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याला सांगतात, की आम्ही एडिनबऱ्यात राहायला आलो आहोत. या वाक्यात तसे काही चूक नाही, कारण दोन्हींची नगरपालिका एकच आहे. मी हेच वाक्य उच्चारले तेव्हा मात्र जिन्यात भेटलेल्या सत्तरीच्या एका गृहस्थांनी "लीथमध्ये आलात" अशी शांतपणे दुरुस्ती केली आणि हातातली पिशवी खाली ठेवून पुढची दहा मिनिटे मला १९२० सालाबद्दल सांगितले. इथे रुळायचे असेल तर त्या सालापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

लीथ हे एडिनबऱ्याचे बंदर, आणि बंदराच्या व्यापारावरचा एडिनबऱ्याचा ताबा हे या गावाचे शतकानुशतकांचे दुखणे. १८३३ साली लीथला स्वतंत्र नगराचा दर्जा मिळाला, पण तो सत्त्याऐंशी वर्षेच टिकला. १९२० मध्ये विलीनीकरणाचा प्रश्न आला तेव्हा लोकांचे मत घेतले गेले. विलीनीकरणाच्या विरोधात २६,८१० आणि बाजूने ४,३४० मते पडली, तरीही विलीनीकरण झालेच. त्या काळात लीथच्या ट्राम विजेवर चालत आणि एडिनबऱ्याच्या ट्राम रस्त्याखालून फिरणाऱ्या तारेच्या दोरावर. त्यामुळे पिलरिगच्या चर्चजवळ, म्हणजे जुन्या हद्दीवर, प्रवाशांना एका ट्राममधून उतरून दुसरीत चढावे लागे, मग पाऊस असो की वारा. हा 'पिलरिगचा घोळ' १९२२ साली मिटला. जून २०२३ पासून आताची ट्राम त्याच रस्त्याने थेट न्यूहेवनपर्यंत जाते, आणि नवागताला ती हद्द ओलांडल्याचे कळतही नाही. इथल्या जुन्या माणसाला मात्र ते कळते. तो स्वतःला 'लीथर' म्हणवतो, आणि नगराच्या मुद्रेवरचे 'पर्सिव्हिअर', म्हणजे 'नेटाने टिकून राहा', हे ब्रीद त्याला पाठ असते.

आता घराविषयी. लीथमधली बहुतेक घरे तीन-चार मजल्यांच्या दगडी इमारतींत असतात. रस्त्यावर एक दार, आत गोल वळत जाणारा दगडी जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडे, अशी त्यांची रचना असते. या जिन्याला 'स्टेअर' म्हणतात, आणि तो शब्द पायऱ्यांइतकाच त्या पायऱ्यांभोवती राहणाऱ्या माणसांसाठीही वापरला जातो. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे चटकन उमगेल, फक्त इथे दारे बंद असतात आणि आवाज हळू असतात. मी आलो त्या महिन्यात एका सकाळी माझ्या दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक पुठ्ठ्याची पाटी दिसली. कुणा सफाई कंपनीची जाहिरात असावी, असे समजून मी ती कागदांच्या कचऱ्यात टाकली. तीन आठवड्यांनी वरच्या मजल्यावरच्या बाई बादली घेऊन, गुडघे टेकून माझ्या दारासमोरच्या पायऱ्या पुसताना दिसल्या, तेव्हा मला उलगडा झाला. ती पाटी या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची आहे, हे सांगणारी होती. आपण पायऱ्या धुवायच्या आणि पाटी पुढच्या दारावर अडकवायची, अशी ती पद्धत. त्या बाईंनी नवी पाटी स्वतः लिहून काढली होती आणि मला त्याबद्दल एक शब्दही बोलल्या नव्हत्या, हेच मला जास्त लागले. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणतो. तोंडावर मात्र इथल्या रीतीप्रमाणे पहिल्या नावाने हाक मारावी लागते, आणि त्या वयाच्या बाईला नावाने हाक मारताना पहिली दोन वर्षे माझी जीभ अडखळत असे.

आता अनेक इमारतींत वर्गणी काढून सफाईसाठी माणूस लावतात आणि पाटीची पद्धत मागे पडत चालली आहे. तरीही तुमच्या जिन्यात काय चालते, हे पहिल्याच दिवशी समोरच्या दाराची घंटी वाजवून विचारावे. त्या निमित्ताने ओळख होते, आणि पुढे तुमचे पार्सल कोण घेणार, हा प्रश्नही सुटतो. मागच्या बाजूला सर्वांचे मिळून हिरवळीचे आवार असते आणि त्यात कपडे वाळत घालण्यासाठी लोखंडी खांब असतात. स्वयंपाकघराच्या छतावरून दोरीने खाली येणाऱ्या लाकडी दांड्यांना 'पुली' म्हणतात. आपल्या घरातल्या वाळवणाच्या दांडीचीच ती बहीण, आणि डिसेंबरात तिच्यावाचून कपडे वाळत नाहीत, कारण त्या महिन्यात पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. फोडणीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात धुराची आणि उष्णतेची सूचना देणारी यंत्रे एकमेकांना जोडलेली असणे बंधनकारक आहे. स्वयंपाकघरातले यंत्र उष्णतेवर चालते, त्यामुळे ते मोहरीला घाबरत नाही. पण बोळातले यंत्र धूर ओळखते आणि ते वाजले की सगळीच वाजतात. म्हणून फोडणी देताना स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे आणि खिडकी उघडावी.

भाडेकराराचे नियम इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत, आणि लंडनमधल्या मित्राचा सल्ला इथे कामाला येत नाही. डिसेंबर २०१७ पासूनच्या करारांना संपण्याची ठरलेली तारीख नसते, आणि कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय घरमालक तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती तीस कामकाजी दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावी लागते. घरमालकाची सरकारी नोंदणी आवश्यक असते आणि तिचा क्रमांक मागण्यात संकोच करू नये. मी तो मागितला नाही, आणि पहिल्या घराच्या अनामत रकमेसाठी मला पाच महिने पत्रव्यवहार करावा लागला. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे नगरपालिकेच्या घरकराच्या, बिलातच पाण्याचा आणि सांडपाण्याचा आकार धरलेला असतो. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर या करात पंचवीस टक्के सवलत मिळते, आणि पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो भरावा लागत नाही. घराजवळच्या डॉक्टरांकडे आजारी पडण्याआधीच नाव नोंदवावे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना स्कॉटलंडमध्ये २०११ पासून पैसे पडत नाहीत.

देवाधर्माची सोय लीथमध्ये अनपेक्षितपणे चांगली आहे. एडिनबऱ्याचे हिंदू मंदिर लीथ लिंक्सच्या जवळ, सेंट अँड्र्यू प्लेसवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, आणि शहराचा गुरुद्वारा शेरिफ ब्रेजवळच्या दुसऱ्या एका जुन्या चर्चमध्ये आहे. हे दुसरे चर्च कुणी बांधले, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ त्या दगडांकडे पाहत उभा राहिलो होतो. १७६४ साली याच लीथमध्ये जन्मलेला व्यापारी जॉन ग्लॅडस्टन हा त्याचा कर्ता. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांचा हा बाप. गयानातल्या उसाच्या मळ्यांवर त्याच्या मालकीचे गुलाम होते. गुलामगिरी संपत आल्यावर मळ्यांसाठी मजूर हवेत म्हणून त्याने हिंदुस्थानातून माणसे मागवली, आणि १८३८ साली गिरमिटिया मजुरांची पहिली दोन जहाजे गयानाला पोहोचली. त्याच माणसाने १८४० च्या सुमारास जन्मगावी चर्च उभारले, आणि त्या वास्तूत आज हिंदुस्थानातून आलेल्यांची लेकरे पंगतीत बसून लंगर जेवतात. तिथे जाताना डोके झाकावे, पादत्राणे बाहेर काढावीत आणि वाढण्याच्या किंवा भांडी घासण्याच्या कामात हात लावावा. गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत, त्यामुळे मराठी माणसाने तिथे परकेपणा वाटून घेण्याचे कारण नाही. मी तिथे पहिल्यांदा पोळ्या लाटल्या तेव्हा माझ्या पोळ्यांचे आकार पाहून शेजारच्या सरदारजींनी मला मुकाट्याने डाळ ढवळायला बसवले.

लीथ लिंक्स हे मोठे सार्वजनिक मैदान म्हणजे इथल्या सामुदायिक जीवनाचे अंगण आहे. १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम इथल्या खेळाडूंनी तयार केले. ते तेरा होते आणि मैदानावर छिद्रे होती पाच. त्याआधी, १६४५ च्या प्लेगमध्ये लीथची निम्म्याच्या आसपास वस्ती दगावली, आणि त्यांतले कित्येक जण याच मैदानाच्या पोटात पुरलेले आहेत. आज तिथे मुले सायकली शिकतात. जूनमध्ये लीथ फेस्टिव्हलचा मेळा भरतो आणि त्यात लहान लहान संस्थांची टेबले लागलेली असतात. स्वयंसेवकांची गरज कुणाला आहे, हे एका फेरीत कळते, म्हणून नवागताने त्या दिवशी आवर्जून जावे. १९९५ साली सुरू झालेला एडिनबरा मेलाही अनेक वर्षे याच मैदानावर भरला. डालमेनी स्ट्रीटवरच्या जुन्या लष्करी कवायतीच्या दालनात आता कलाकारांच्या खोल्या आणि उपाहारगृह आहे. तिथल्या बाजारातून मी घरातली निम्मी भांडी घेतली. फुटबॉल कळत नसला तरी ईस्टर रोडवरच्या हिबर्नियन संघाबद्दल चार वाक्ये बोलता आली पाहिजेत. १८७५ मध्ये आयर्लंडहून आलेल्या स्थलांतरितांनी तो काढला. त्याचा रंग हिरवा आहे, आणि २०१६ साली त्याने स्कॉटिश चषक तब्बल ११४ वर्षांनी जिंकला. जिन्यात संवाद खुंटला की हा शेवटचा तपशील उपयोगी पडतो.

एका बाबतीत जीभ सांभाळावी लागते. १९८४ मध्ये हेन्री रॉब यांची जहाजबांधणी बंद पडली तेव्हा गोदीवर पोट असलेल्या घरांची जी अवस्था झाली, ती आपल्या गिरणगावाला समजावून सांगावी लागणार नाही. पुढे नदीकाठच्या 'द शोअर' भागात महागडी उपाहारगृहे आली, १९९८ पासून राजघराण्याची ब्रिटानिया नौका पर्यटकांसाठी इथे उभी आहे, आणि घरांचे भाव चढत गेले. ती भाडी परवडणारे नोकरदार म्हणजे बऱ्याच अंशी आपणच आहोत. त्यामुळे "हा भाग पूर्वी वाईट होता, आता सुधारला" हे वाक्य पाहुण्यांना कौतुकाने ऐकवू नये. ज्यांना पूर्वीचे लीथ म्हणजे आपले बालपण वाटते, ते मागच्या टेबलावर बसलेले असू शकतात. केबल्स विंड हाउस या लांबलचक, वळलेल्या काँक्रीटच्या इमारतीला लोक 'बनाना फ्लॅट्स' म्हणतात आणि नवे लोक तिला हसतात. २०१७ साली तिला सर्वोच्च श्रेणीचे वारसा संरक्षण मिळाले आहे. लीथ वॉक या इथल्या मुख्य रस्त्यावरची जुन्या दुकानांची एक ओळ पाडून नवे बांधकाम करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांनी हजारो सह्या गोळा केल्या, आणि २०१९ मध्ये कौन्सिलने तो प्रस्ताव नाकारला. माझी सही त्यात होती, आणि वरच्या आजींनी त्या दिवशी मला प्रथमच चहाला बोलावले.

खाण्याचे फार हाल होत नाहीत. लीथ वॉकवरच्या दुकानांत कढीपत्ता, तूरडाळ आणि ज्वारीचे पीठ मिळते, भाकरी थापायची सवय मात्र आपली आपण टिकवावी लागते. मासेवाल्याकडचा 'मॅकरेल' म्हणजे आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, तेव्हा तिखलं करण्यास हरकत नाही. कोकमाची सोले मात्र घरून येताना आणावीत. चिप्सच्या दुकानात "सॉल्ट अँड सॉस?" असे विचारतील तेव्हा हो म्हणावे. हा पातळ, आंबट, तपकिरी सॉस एडिनबऱ्याच्या बाजूचाच, आणि ग्लासगोचा माणूस त्याच्या नावाने नाक मुरडतो. समुद्रावरून भर उन्हाळ्यात जे गार धुके येते त्याला इथे 'हार' म्हणतात. वरच्या आजींनी खिडकीतून पाहत "आज हार आहे" असे पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी कुणाचा सत्कार आहे, असे विचारणार होतो.

गणपतीबद्दल दरवर्षी नव्या मंडळींकडून विचारणा होते. लिंक्सजवळच्या मंदिरात आरतीला जाता येते. घरी मूर्ती बसवणार असाल तर ती शाडूची आणि लहान असावी, आणि विसर्जनासाठी वॉटर ऑफ लीथ नदीकडे पाहू नये. गावाच्या मधून वाहणारी ही नदी लोकांनी कष्टाने स्वच्छ ठेवली आहे. आम्ही बादलीत विसर्जन करतो आणि ते पाणी मागच्या आवारातल्या गुलाबांना घालतो. यंदा जिन्यातल्या मुलांना मोदक हवे आहेत, तेव्हा तांदळाची पिठी आधीच भरून ठेवावी लागेल; गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचण्याआधीच ताट रिकामे झाले होते.