घरच्या घरी कार्यस्मृती कशी तपासावी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असतो तेव्हा शेतकरी क्विंटलचा दर लक्षात धरतो आणि हमाली-तोलाई वजा जाता हातात किती पडतील, याचा हिशेब मनातच करतो. थोडी माहिती काही सेकंद धरून ठेवायची आणि त्याच वेळी तिच्यावर काम करायचं, ही कार्यस्मृती. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली तिचे तीन भाग मांडले: ऐकलेलं-बोललेलं घोळवत ठेवणारा, दिसलेलं धरून ठेवणारा आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणारा. यातला पहिला भाग घरीच पकडता येतो. कागद, पेन आणि एक जोडीदार पुरे.

आधी आकडे. तीनपासून सुरुवात करा, सेकंदाला एक, आवाज सपाट ठेवून: ७, २, ९. समोरच्याने त्याच क्रमाने म्हणायचे. जमलं की एक आकडा वाढवा. प्रत्येक लांबीला दोन संधी. दोन्ही हुकल्या की थांबा. मोबाईल नंबरसारख्या जोड्या पाडून वाचू नका, कारण ‘अठ्ठ्याण्णव’ म्हटलं की दोन आकड्यांचा एकच तुकडा होतो आणि मोजमाप फसतं. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. तुकडे पाडायला वावच दिला नाही तर ती चारच्या जवळ येते, असं नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं.

मग तेच उलटे: ९, २, ७. इथे बहुतेकांचे आकडे कमी होतात, कारण धरून ठेवण्यासोबत फिरवावंही लागतं.

आता गावं. हा भाग मला सर्वांत आवडतो. चिठ्ठ्यांवर जत, विटा, आष्टा, मिरज, पलूस एकेक दाखवा आणि शेवटी क्रमाने लिहायला सांगा. नंतर कवठेमहांकाळ, किर्लोस्करवाडी, माधवनगर, विश्रामबाग, सागरेश्वर. नावं पाचच, तरी दुसऱ्या यादीला माणूस अडखळतो. त्याच्या ओठांकडे बघा, बरेचदा हलताना दिसतील. तो नावं पुटपुटत असतो, आणि लांब नावांची एक फेरी पुरी होईपर्यंत आधीची निसटतात. साधारण दोन सेकंदांत म्हणता येईल तेवढंच लक्षात राहतं, असं बॅडली आणि सहकाऱ्यांना १९७५च्या प्रयोगांत आढळलं.

पडताळायचं असेल तर गावांचा क्रम बदला आणि चिठ्ठ्या बघताना, लिहितानाही ‘चहा, चहा, चहा’ म्हणत राहायला लावा. पुटपुटायला जागाच उरत नाही. दोन्ही याद्या बिघडतात आणि छोट्या नावांचा फायदा जवळजवळ संपतो.

झोप अपुरी असेल किंवा टीव्ही चालू असेल तर आकडा घसरतो, म्हणून वेगवेगळ्या दिवशी करून बघा. आणि कृपा करून त्यावरून पोराला मठ्ठ ठरवू नका. सलग तीन कामं सांगितल्यावर ते दोन विसरत असेल तर एकेक सांगा, आणि हातचे मनात ठेवायला न लावता वहीत लिहू द्या.